काजळीचे कागद

आमच्या घरातली सगळ्यात मोठी कटकट एका अमावस्येला जीपमधून उतरली. तिथी मुद्दाम सांगते आहे, कारण सगळा घोळ त्या तिथीचाच. अमावस्येला आमच्या विणकरांच्या गल्लीत कोणी मागावर बसत नाही. बायका कपडे घेऊन तळ्यावर जातात, पुरुष ओट्यावर आडवे होतात. एरवी उजाडल्यापासून वीस-बावीस माग एकदम ठोकायला लागले की शेजारणीशी बोलायलाही घसा ताणावा लागे. त्या दिवशी मात्र गल्ली अशी गप्प होती की जीपमधून उतरलेल्या सबनीस सरांनी डोळे मिटून नुसतं ऐकलं आणि म्हणाले, "वा. अशीच जागा शोधतोय आम्ही." त्यांना खाली पक्का खडक हवा होता आणि वर शांतता. खडक आमच्या परसात उघडाच होता; माय त्यावर भांडी घाशी. शाळा त्यांनी पाहिली होती, तिथं पोरं. देऊळ पाहिलं होतं, तिथं घंटा. वरठीच्या बाजूला तर रेल्वेमुळे आणि कारखान्यामुळे जमीन कधी स्वस्थच नसते, असं त्यांचं म्हणणं. बाबुजींनी त्यांना पाणी दिलं, जागा दिली, यंत्राच्या ओट्याचं सिमेंट कालवायला स्वतः हात लावला, आणि उद्यापासून इथं काय गोंगाट असतो हे मात्र सांगितलं नाही. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. माझ्या वडिलांचं सगळं असंच असे.

आठ दिवसांनी ओटा वाळल्यावर जीप यंत्र घेऊन परत आली, तेव्हा गल्लीतले सगळे माग चालू होते. सर दारात उभं राहून काहीतरी विचारत होते आणि आतल्या खोलीत आम्हाला ओठ हललेले तेवढे दिसत होते. शेवटी बाबुजींनी आपला माग थांबवला.

"हे रोज असतं?" सरांनी विचारलं.

"रोज कायले, साहेब," बाबुजी म्हणाले. "अमावस्येले बंद राह्यते ना."

सर पुण्याचे, माणूस हुशार, पण चिडका. लांबच्या शहरातल्या एका संस्थेत ते पृथ्वीच्या पोटाचा अभ्यास करत. ते परसातल्या ओट्यावर जाऊन बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. दुसरी जागा शोधायला, नवा ओटा बांधायला त्यांच्याकडे दिवस नव्हते. यंत्र तिथंच बसलं.

त्या वेळी मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला जाणार होते आणि उन्हाळ्याची सुटी चालू होती. घरात इंग्रजी वाचणारी मीच, म्हणून यंत्र माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मीच ते ओढून घेतलं. सरांनी सबंध दुपारभर समजावून सांगितलं. दूर, समुद्रापलीकडे कुठं भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटात खोल उतरतात आणि हजारो मैलांवर आपल्या पायाखालून वर येतात. वाटेत तापलेला, मऊ खडक लागला तर रेंगाळतात. थंड, कडक लागला तर लवकर पोचतात. बपेऱ्यापासून वैनगंगेच्या काठाकाठानं, आता जिथं गोसीखुर्द धरणाचं पाणी पसरलं आहे तिथपर्यंत, त्यांनी अशी सात यंत्रं ठेवली होती. एकच लाट कोणाकडे किती सेकंदांनी आली ते मांडलं की जिथं कोणी कधी जाणार नाही अशा खोलीवर काय आहे त्याचा अंदाज बांधता येतो. माय चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मडकं घेताना वाजवून पाह्यतो, तसंच ना?" सर पहिल्यांदाच हसले. "तसंच. फक्त वाजवणारा जपानात आणि कान लावणार तुम्ही."

गावाला एवढं शहाणपण नव्हतं. भूकंप मोजायचं यंत्र म्हणजे भूकंप आणायचं यंत्र, असं निम्म्या लोकांचं ठाम मत झालं, आणि उरलेले निम्मे मला रोज तळ्यावर गाठून विचारत, "पुष्पा, कवा हाय भूकंप?" मी आधी समजावलं, मग चिडले, मग "पुढच्या बुधवारी" असं सांगून टाकलं, तर खरंच तीन घरांनी बुधवारी अंगणात चुली मांडल्या. आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. परवा नागपुरात भाचीच्या लग्नात एका शिकल्यासवरल्या जावयानं मोबाईल पुढं करून हेच विचारलं. मी जेवणाचं ताट घेऊन दुसऱ्या पंगतीत जाऊन बसले.

यंत्राचे दोन भाग होते. खडकावरच्या ओट्यावर एक जड डबा आणि त्याची वायर मागच्या खोलीत एका फिरत्या नळकांड्यापर्यंत. नळकांड्यावर रोज एक कागद गुंडाळायचा. कागद साधा नाही, काजळी धरलेला. रॉकेलच्या धुरकट ज्योतीवर पांढरा कागद फिरवून काळाकुळीत करायचा, मग त्यावर सुई टेकली की ती दिवसभर बारीक पांढरी रेघ ओढत राही. जमीन हलली की रेघ थरथरे. चोवीस तासांनी कागद उतरवून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेत बुडवायचा, म्हणजे काजळी पक्की बसे, हाताला लागत नसे. यंत्रातलं घड्याळ दर मिनिटाला रेघेवर खूण करी. ते घड्याळ किती पुढं, किती मागं, हे रोज संध्याकाळी रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांशी ताडून वहीत लिहायचं. एका सेकंदाची चूक झाली की दिवस वाया, असं सर बजावून गेले होते. घरभर काजळी झाली. वरणात काजळी, बाबुजींच्या पांढऱ्या सुतावर काजळी. मायनं लाखोळीची डाळ वाळत घातली तर तीही करडी दिसायला लागली. पण जाताना सर म्हणाले होते, "अर्जाच्या वेळेपर्यंत एकही दिवस न चुकवता कागद आले, तर नागपूरला एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी मी स्वतः पत्र देईन." आणि बाबुजी म्हणाले होते, "साहेबाची चिठ्ठी आली त खुशाल जाय, बाई. नाई आली त तुमसरवाले पाव्हणे कवाचे विचारून राह्यले." म्हणजे माझ्या जन्माचं काय व्हायचं ते त्या काळ्या कागदांवर होतं, आणि हे मला चांगलं ठाऊक होतं.

पहिल्या महिन्याचे कागद पाठवले, ते सरांनी टपालानं परत धाडले. प्रत्येकावर लाल पेन्सिलीचे गोल. इथं माग. इथं कांडण. इथं कोणीतरी पळालं. इथं काय, म्हैस का? खाली ठळक अक्षरांत: रेघ स्वच्छ हवी. आता मी स्वतः मास्तरकी करून बसले आहे म्हणून सांगते, त्या माणसानं आम्हाला फक्त चुका शिकवल्या. खरा भूकंप कागदावर कसा दिसतो हे त्यानं त्या एका दुपारी शंभर गोष्टींच्या गर्दीत सांगितलं असेल, पण लाल गोल कधी त्याच्याभोवती काढून दाखवला नाही. आणि मीही विचारलं नाही. भूकंप म्हणजे सुई मोडेल, नळकांडं उलथेल असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. बारीकसारीक थरथर म्हणजे आमच्याच घराचा गबाळेपणा.

मग मी घराला शिस्त लावायला घेतली. मला आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती. परसात मुसळ बंद, कांडायला शेजारी जा. पाटा-वरवंटा बाहेरच्या ओसरीत. धावायचं नाही, दार आपटायचं नाही. म्हैस गल्लीच्या टोकाला काकांच्या गोठ्यात. गल्लीतले माग मी थांबवू शकत नव्हते, त्यांची बारीक दाणेदार खूण सरांनी नाइलाजानं मान्य केली होती, पण बाबुजींचा माग यंत्राला सगळ्यात जवळ. त्यावर मी वेळा घालून दिल्या. सकाळी कागद उतरवला आणि त्यात कुठं थरथर दिसली की माझं तोंड फुगे. "माय, काल दुपारी काय कुटलंस?" "म्या कायी नाई कुटलं वो." "मग हे काय आहे?" माय बिचारी त्या काळ्या कागदाकडे बघत राही. एकदा सर यायचे होते म्हणून तिनं वडाभाताचा बेत केला, डाळ वाटली, आणि दुसऱ्या दिवशी कागदावर वाटणाची वीस मिनिटं उमटली. सर आलेच नाहीत. मी त्या दिवशी जेवले नाही, आणि माय का जेवली नाही हेही विचारलं नाही.

पावसाळ्यात कॉलेज सुरू झालं. मला सकाळी सातची एस.टी. धरावी लागे, म्हणून कागद बदलायचं आणि लाखेत बुडवायचं काम बाबुजींकडे आलं. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका. जन्मभर सुताला खळ दिलेला. मी काजळी धरून, कोऱ्या कडेला तारीख घालून कागद तयार ठेवी, ते आठच्या ठोक्याला बदलत. संध्याकाळी मी रेडिओ लावून वही भरी. आणि काय आश्चर्य, कागद सुधारले. बाबुजी वाळलेला कागद समोर धरत. "पाह्य बाई, साफ." रेघा अशा सरळ की पट्टीनं ओढाव्यात. काही दिवशी ते म्हणत, "आजचा डब्यात भरून टाकला," आणि मी बरं म्हणे. महिन्याच्या महिन्याला पत्र्याचा डबा बांधून तेच पोस्टात टाकून येत. घराला वळण लागलं, असं मी मैत्रिणींना सांगत असे. माझ्यामुळे लागलं, असंही सांगत असे.

प्रवेशअर्जाची मुदत शनिवारी संपायची होती, आणि बुधवारी सर आले. जीपमधून उतरले तेच काळेनिळे होऊन. हातात आमच्या कागदांचा गठ्ठा आणि एक यादी.

"सगळ्या यंत्रांचे कागद आत्ता एकत्र मांडले, तर तुझे सतरा दिवस गायब आहेत," ते म्हणाले. "आणि नेमके तेच सतरा, ज्या दिवशी बपेऱ्याला भूकंप दिसले, खाली नदीकाठच्या यंत्रांना दिसले. मधल्या फक्त तुझ्या घराला दिसले नाहीत. आठ महिन्यांत एकही नाही. मला हे कोरे कागद कशाला पाठवलेस? शांतता ऐकायला मी इथं आलो नव्हतो."

मी वही काढली. एकही संध्याकाळ सुटली नव्हती. सरांनी वही चाळली आणि खाली ठेवली. "नोंद घरी बसून कोणीही लिहितं. कागद कुठं आहेत?" मी खोटी नव्हते, पण कागद नव्हते हेही खरं होतं. सर सोबत आणलेल्या मजुराला डबा ओट्यावरून सोडवायला सांगत होते. माझं नागपूर समोर जीपमध्ये चढत होतं आणि मी नुसती वही छातीशी धरून उभी.

तेवढ्यात बाबुजी मागावरून उठून आले. हात पुसत म्हणाले, "ते खराब झालेले कागद म्हंता काय, साहेब? ते मी नाई पाठोले."

"खराब?"

"रेघ हाललेले. डागाचा माल आमी घराबाहेर जाऊ देत नाई. बाजूले काढून ठेवत होतो."

सर खाली बसले. "काका," ते म्हणाले, "ती हाललेली रेघ म्हणजेच भूकंप. त्यासाठीच तर हे सगळं."

"मंग पयलेच सांगाचं होतं ना, साहेब, का डागाचाच माल पायजे," बाबुजी म्हणाले, आणि तेही चिडलेच होते. "तुमी त लाल गोल काढून पाठोले."

कागद कुठं आहेत हेही त्यांनीच सांगितलं. कागद मागात होते. ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, मागच्या रुळावर गुंडाळताना थरांच्या मध्ये कागद घालतात. नाही तर वरचा धागा खालच्या थरात रुततो. लाखेत बुडवलेला जाड, गुळगुळीत कागद बाबुजींना त्यासाठी फार आवडला होता. काजळी सुताला लागत नाही ना, हे त्यांनी पांढऱ्या फडक्यावर घासून पाहिलं होतं, आणि तरीही खबरदारी म्हणून काळ्या-हिरव्या लुगड्याचाच ताणा निवडला होता. माझ्या वडिलांच्या चुकाही अशा काळजीपूर्वक केलेल्या असत. विणता विणता रूळ सुटला असता तसे एकेक कागद बाहेर आले असते. पण ताणा नुकताच चढवलेला. महिना तरी लागला असता.

"मग महिन्यानं पाठवा," सर म्हणाले. "पण पाहिल्याशिवाय पत्र मी लिहू शकत नाही. काय म्हणून लिहू?" आवाज पहिल्यासारखा तिखट नव्हता. पण शनिवार शनिवारच होता.

बाबुजी आत गेले आणि कोनाड्यातली कात्री घेऊन मागाकडे वळले. माय चुलीवरून उठली. "अवो, लागलेला ताणा कापते काय कोणी?" आमच्यात कापत नाहीत. घरात मौत झाली तरी ताणा तसाच राहतो, तेरवी झाल्यावर पुढं विणतात. बाबुजी म्हणाले, "जोडता येते." आणि ताण्याचे धागे ज्या कंगव्यासारख्या फणीतून ओवलेले असतात तिच्या मागे, हातभर अंतर ठेवून, त्यांनी एका बाजूनं कापायला सुरुवात केली. हजारो धागे होते. कात्रीचा आवाज बराच वेळ चालला. माय तोंड फिरवून उभी होती आणि मला वाटत होतं की कोणीतरी मला दोन थोबाडीत द्याव्यात.

रूळ खांद्यावर घेऊन आम्ही गल्लीत आलो. काय झालं हे कोणाला सांगावं लागलं नाही. विणकराला कापलेला ताणा दिसला की तो आपला माग सोडून येतो. एकेका घरातून माणसं आली, धाग्यांची टोकं धरली, आणि हिरवाकाळा ताणा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडत गेला. मधूनमधून एकेक काळा कागद खाली पडे आणि सर तो झडप घालून उचलत. सतराच्या सतरा निघाले. सर गल्लीतच मांडी घालून बसले, भिंग काढलं, माझी वही मागून घेतली. बोटानं मला जवळ बोलावलं. सरळ रेघ, सरळ रेघ, आणि मग अचानक एक बारीक झटका. त्यामागं लांबलचक थरथर, हळूहळू विझत गेलेली. मी हे पाहिलं असतं तर मायला विचारलं असतं, काय कुटलंस.

"ही लाट पृथ्वीच्या गाभ्याच्या कडेनं आली आहे," सर म्हणाले. वहीतला सेकंदांचा फरक मिळवून त्यांनी आकडा लिहिला, बपेऱ्याच्या आकड्याशी ताडला, पुन्हा ताडला. "तुमच्याकडे लवकर पोचली. खाली काहीतरी थंड आणि कडक आहे." मग बाबुजींकडे बघून चिडूनच म्हणाले, "काका, माझ्या संस्थेतली पोरं भूकंपाचे कागद निवडायला सहा महिने घेतात. तुम्ही एकही चुकवला नाहीत." बाबुजींना ही तारीफ आहे की टोमणा हे कळलं नाही. ते टोकं धरलेल्या माणसांना सांगत होते, ढील देऊ नका.

पत्र सरांनी आमच्या ओट्यावर बसून लिहिलं. मायनं त्यांना तांदळाचे धिरड्यासारखे आयते आणि वांग्याची भाजी वाढली. ते जेवले आणि जीप बपेऱ्याकडे गेली. शनिवारी मी अर्ज भरला. सगळं मनासारखं झालं होतं.

ताणा जोडायला मात्र पाच दिवस लागले. फणीतून बाहेर लोंबणाऱ्या प्रत्येक धाग्याला रुळावरच्या धाग्याची गाठ मारायची. एकेक, हजारो वेळा. मी कॉलेज बुडवून बाबुजींच्या शेजारी बसले. तिसऱ्या दिवशी मी विचारलं की कागद साहेबांना पाठवले नाहीत ते एक वेळ समजलं, पण मला का नाही दाखवले? मी तर रोज संध्याकाळी घरातच असे.

बाबुजींनी चालू गाठ पुरी केली. मग म्हणाले, "तुले भेवत होतो, बाई."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

"कागद हालेल दिसला का तू मायले बोलत होती. मंग जेवत नव्हती. मंग मायही जेवत नव्हती. म्हटलं, कायले दाखवा."

मला कधी कोणी इतक्या साध्या आवाजात इतकं बोललेलं नाही. पुढं मी पुष्कळ मोठमोठ्या माणसांकडून बोलणी खाल्ली, पण त्यांतलं एक लक्षात नाही. एकोणीस वर्षांची मुलगी, आणि तिच्या घरात तिचा बाप तिला भीत होता, आणि ती मैत्रिणींना सांगत होती की घराला वळण लागलं. मला वाटलं, आता ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. मी रडले असते, त्यांनी पाणी आणायला सांगितलं असतं, संपलं असतं. त्यांनी पुढची दोन टोकं शोधली आणि माझ्या हातात दिली.

"बारीक मार," ते म्हणाले. "मोठी गाठ फणीत अडकते."